सातव्या महिन्यात पिटमध्ये: ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या कुणी आहेत का इथे?

खर्जातली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज काम पडलंय म्हणून लिहितेय.

मी मूळची पुण्याची. जर्मनीतल्या एका मध्यम शहराच्या थिएटरच्या ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिन वाजवते. नोकरी कायम आहे, प्रोबेशन कधीच संपलंय (कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते). बाविसावा आठवडा चालू आहे. उलट्या थांबल्यात, भूक सपाटून लागतेय, तब्येत ठणठणीत.

अडचण अशी की पुढच्या महिन्यात वाग्नरचा 'दास ऱ्हाइनगोल्ड' हा ऑपेरा लागतोय. सुमारे अडीच तास, आणि मध्यंतर नाही. वाग्नरने ठेवलेलंच नाही. साडेसातला सुरू, म्हणजे सुटायला दहा. पिटमध्ये, म्हणजे रंगमंचापुढच्या ज्या खड्ड्यात ऑर्केस्ट्रा बसतो तिथे, आमचं शेवटचं स्टँड (सगळ्यात मागची जागा) रंगमंच जिथे डोक्यावर येतो त्या छताखाली आहे आणि पाठीला ट्रॉम्बोन, म्हणजे दणदणीत पितळी फुंकवाद्यं.

ऑफिसात बातमी सांगितल्यावर अभिनंदन झालं आणि लगेच कागद पुढे आले. इथल्या कायद्यानं गरोदर बाईला रात्री आठनंतर काम देता येत नाही. आठ ते दहा चालतं, पण त्यासाठी मी 'माझी तयारी आहे' असं लेखी द्यायचं, डॉक्टरचं पत्र जोडायचं आणि थिएटरनं सरकारी खात्याकडे अर्ज करायचा. दहानंतर सहसा नाहीच. रविवारीसुद्धा माझी स्पष्ट संमती लागते. पूर्वी कलाकारांना पहिल्या चार महिन्यांत अकरापर्यंत सूट होती, ती २०१८ च्या नव्या कायद्यात गेली. पगार कुठल्याही परिस्थितीत बुडत नाही, तो प्रश्न नाही.

प्रश्न हा की मला वाजवायचंय. सासूबाई म्हणतात, "एवढ्या दणदणाटात बाळाच्या कानांचं काय?" आई म्हणते, "दणदणाट कसला, संगीत आहे ते, चांगले संस्कारच होतील." दोघी रोज फोन करतात. ज्यांनी स्वतः वाजवलंय किंवा ज्यांना यातलं वैद्यकीय कळतं, त्यांनी कृपया लिहा.

माईआजी

अभिनंदन गं! आईचं बरोबर आहे तुझ्या. गर्भातच सगळं शिकतात मुलं. अभिमन्यूचं माहीतच आहे. आमच्या सुनेला आम्ही पाचव्या महिन्यापासून सकाळी मोझार्ट आणि संध्याकाळी भूप ऐकवला, नातू तल्लख आहे. तू तर साक्षात वाजवणारी. मात्र अडीच तास एका जागी बसू नकोस, पाय सुजतील.

तिरकस

अभिमन्यूला चक्रव्यूहातून बाहेर पडता आलं नव्हतं, एवढं ध्यानात असू द्या. (हलकंच घ्या.)

मोझार्टबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. ज्या १९९३ च्या प्रयोगावर हा सगळा धंदा उभा राहिला तो बाळांवर नव्हताच. कॉलेजातली ३६ मुलं, दहा मिनिटं मोझार्टची सोनाटा, मग घड्या घातलेल्या कागदाच्या कोड्यांसारखी चाचणी. गुण थोडे वाढले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यावरून गर्भसंस्काराच्या सीड्या निघाल्या.

डॉ_कोथरूड

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, हे आधी सांगून ठेवते. तरी सर्वसाधारण माहिती देते.

गर्भाचे कान साधारण विसाव्या आठवड्याच्या आसपास तयार होतात आणि चोविसाव्या आठवड्याच्या पुढेमागे आवाजाला प्रतिसाद दिसायला लागतो. म्हणजे तुम्ही बरोबर त्या उंबरठ्यावर आहात. पोटाची भिंत आणि गर्भजल मिळून आवाज गाळतात, पण सगळा सारखा नाही. वरचे स्वर वीस-तीस डेसिबलनं उतरतात. साधारण ५०० हर्ट्झच्या खालचे फारसे अडत नाहीत, खर्ज तर जवळजवळ जसाच्या तसा आत जातो. तुमच्या व्हायोलिनच्या वरच्या तारेचं बाळाला विशेष काही नाही. टिंपनी (मोठे नगारे), बास ड्रम, डबल बास, ट्रॉम्बोन यांचं आहे.

दुसरं म्हणजे कानात बोळे घातलेत तर तुमचे कान वाचतात, बाळाचे नाही. ही गोष्ट शिकलेल्या बायकांनाही सांगावी लागते.

किती धोका? स्वीडनमध्ये सुमारे १४ लाख मुलांच्या नोंदी तपासलेला एक अभ्यास २०१६ च्या सुमारास आला. ज्या आया गरोदरपणात पूर्णवेळ ८५ डेसिबलहून जास्त आवाजात काम करत होत्या, त्यांच्या मुलांत श्रवणदोषाचं प्रमाण जास्त दिसलं. पूर्णवेळ हा शब्द महत्त्वाचा. त्या कारखान्यांसारख्या नोकऱ्या. एका संध्याकाळचा वाग्नर नव्हे. पण तुमच्या तालमी, रियाज, प्रयोग हे सगळं धरून आठवड्याचा हिशोब करायला हवा.

संस्काराबद्दल: ओळख राहते एवढं दिसलंय. बेलफास्टच्या एका संशोधकानं १९८८ मध्ये असं नोंदवलं की ज्या आया रोज एक टीव्ही मालिका बघत, त्यांची नवजात बाळं तिचं शीर्षकसंगीत लागलं की शांत होऊन ऐकत. ती बाळं त्यामुळे हुशार झाली असं त्यानं म्हटलेलं नाही.

चेलोवाली

लंडनमध्ये फ्रीलान्स चेलो वाजवते, मूळ दादरची. मी चौतिसाव्या आठवड्यापर्यंत वाजवलं. आवाजाचं डॉक्टरांनी लिहिलंच, मी शरीराचं लिहिते.

चेलोची पाठ छातीला टेकते आणि खालचा भाग दोन्ही गुडघ्यांत. पोट वाढलं की चेलो पुढे ढकलला जातो आणि आपला उजवा हात अचानक आखूड पडल्यासारखा होतो. बो (गज) टोकापर्यंत जातच नाही. मी खालची खुंटी बरीच लांब केली, वाद्य जास्त आडवं घेतलं, खुर्चीवर उतरती उशी ठेवली. तरी सी तार (सगळ्यात खर्जाची) वाजवताना गुडघा मध्ये यायचा. आणि सी तार वाजली की पोटातून लाथ. दर वेळी नाही, पण ब्राम्समध्ये हटकून. सगळं कंपन थेट लाकडातून पोटात, त्यामुळे डॉक्टरांचं खर्जाबद्दलचं वाचून आता विचारात पडलेय.

बोटं सुजतात हे कुणी सांगत नाही. सकाळच्या तालमीला डावा हात जड, अंगठ्याजवळच्या बोटांना बधिरपणा. माझं मनगटातल्या नसेचं दुखणं निघालं, रात्री पट्टा बांधून झोपायचे. व्हायोलिनला डावं मनगट जास्त वळतं, तेव्हा तू सांभाळ. अंगठी आत्ताच काढून ठेव, नंतर साबण लावूनही निघत नाही.

पैशाचं मात्र तुझ्यासारखं नाही गं. इथे फ्रीलान्सरला मालकच नसतो. सरकारी मॅटर्निटी अलाउन्स मिळतो, जास्तीत जास्त ३९ आठवडे. त्या काळात फक्त दहा दिवस काम करता येतं. तासभर शिकवणी घेतली तरी एक दिवस मोजतात. अकरावा दिवस भरला की भत्त्याला कात्री. एका ग्रुपनं मला "तू आता आराम कर" असं प्रेमानं सांगितलं आणि पुढची दोन वर्षं फोनच केला नाही. भांडणार कुणाशी? मला कुणी काढलंच नव्हतं, फक्त बोलावलं नाही.

निवांत_काका

बायकांनी अशा वेळी घरी राहिलेलं बरं असं म्हटलं की इथे झोडपतात, तरी म्हणतो. पगार मिळतोय, कायदा आराम करा म्हणतोय, मग हट्ट कशाला?

खर्जातली

@निवांत_काका, झोडपत नाही. पण हा विचार कुठून कुठे जातो ते बघा. व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं १९९७ पर्यंत बाईला सभासदच करून घेतलं नव्हतं. हार्पवादक आना लेल्केस त्यांच्यासोबत दोन दशकांहून जास्त वाजवत होत्या, पण सभासद नाहीत. तेव्हाच्या जाहीर वादात बाळंतपणाच्या रजा हा एक मुद्दा होताच. बर्लिनमध्ये पहिली व्हायोलिनवादक १९८२ मध्ये आली. आमच्याकडे आजही प्रोबेशनच्या वर्षानंतर सहकारी मत देतात तुम्हाला ठेवायचं की नाही. त्या वर्षात दिवस राहिलेली माझी एक मैत्रीण पोट दिसेपर्यंत कुणाला बोलली नव्हती.

हट्ट म्हणाल तर आहे. तीन महिने वाद्य बाजूला पडलं की हात परत आणायला किती लागतात ते वादकालाच कळतं. आणि ऱ्हाइनगोल्ड रोज मिळत नाही हो.

@चेलोवाली, अंगठी आज काढली. वेळेवर सांगितलंस.

ओबोचानवरा

मी वाजवत नाही, फक्त वाद्याची पेटी वाहतो. बायको ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) वाजवते, त्या काळातलं माझ्या आठवणीतलं लिहितो.

ओबोत हवा कमी पडत नाही, उरते. एवढ्याशा भोकातून दाबून सोडायची आणि उरलेली शिळी हवा फेकून मगच नवी घ्यायची. त्यात गर्भाशय छाती-पोटामधल्या पडद्याला वर ढकलतं, छातीत जागा कमी. सातव्या महिन्यात तिला लांब स्वराच्या शेवटी डोळ्यांपुढे काजवे यायला लागले. तिनं आपल्या सगळ्या स्वरलिपीच्या कागदांवर पेन्सिलीनं नवे श्वास लिहिले, वाक्य तोडून. पहिल्या ओबोच्या खुर्चीवरून स्वतःच दुसऱ्या खुर्चीवर गेली. कंडक्टर भला माणूस होता, त्यानं एक स्लो मूव्हमेंट चक्क थोडी जलद घेतली. समीक्षकानं दुसऱ्या दिवशी त्या 'ताज्या वेगा'चं कौतुक केलं, आम्ही दोघं पोट धरून हसलो.

आणि लघवी. कुणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहितो. अडीच तास विनामध्यंतर हा तुमचा खरा खलनायक आहे, ट्रॉम्बोन नाही. दाराजवळची खुर्ची मागा.

डॉ_कोथरूड

@ओबोचानवरा, शंभर टक्के. आणि पाणी पिणं कमी करून हा प्रश्न सोडवायचा नाही. दोन-तीन जणींनी ते केलं आणि मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन आल्या. फुंकवाद्यवाल्यांना चक्कर येत असेल तर थांबायचं, "हा फ्रेज संपवते आणि मग" असं नाही.

कीबोर्डताई_कोल्हापूर

मी विचारू का? तुमच्यासारखा ऑर्केस्ट्रा नाही माझा. आमची पार्टी हिंदी-मराठी गाण्यांची, लग्नं, वाढदिवस, गणपती, नवरात्र. मी कीबोर्डवर. पहिल्या वेळी आठवा लागेपर्यंत नाईटी (रात्रीचे कार्यक्रम) केल्या. आता दुसऱ्यांदा दिवस आहेत, चौथा चालू आहे आणि गणपती तोंडावर.

आमच्यात नाईटप्रमाणे पैसे. गेलं तर मिळतील, नाही गेलं तर दुसरी मुलगी उभी राहते, आणि सीझन संपल्यावर आपली जागा तिची झालेली असते. स्टेजच्या दोन्ही बाजूंना डॉल्बी लावलेली असते, बेसचे खोके माझ्यापासून सात-आठ फुटांवर. पहिल्या वेळी ढोलकीच्या कटला पोट कडक व्हायचं. मला वाटायचं बाळ नाचतंय. वर डॉक्टरांनी लिहिलंय की बेस तसाच आत जातो. मग माझं काय?

डॉ_कोथरूड

ताई, तुमचा प्रश्न धागाकर्तीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे, स्पष्टच सांगते. ऑर्केस्ट्राच्या पिटमध्ये आवाज चढतो-उतरतो. तुमच्या खोक्यांसमोर तो चार तास एकसारखा आणि नेमका खर्जाचा. अमेरिकेतल्या आरोग्य खात्याचा सल्ला असा आहे की गरोदर बाईनं ११५ डेसिबलच्या वरचा आवाज टाळावाच, कानात काही घातलेलं असलं तरी. डॉल्बीच्या तोंडाशी तेवढा आवाज सहज होतो.

करण्यासारखं: खोक्यांच्या मागे आणि शक्य तितकं लांब उभं राहा, बेसचा जोर पुढे असला तरी मागेही येतो म्हणून अंतर हेच औषध. स्टेजवरचा तुमचा मॉनिटर बंद करून कानातला घ्या. उभं राहून वाजवत असाल तर बसून. पोट कडक होणं म्हणजे नाच नसतो, ते आकुंचन असू शकतं. परत झालं तर वाजवणं थांबवून दाखवायला या. आणि विसाव्या आठवड्यानंतर डॉल्बीच्या नाईटी घेऊ नका असं मी माझ्या पेशंटला सांगितलं असतं.

तिरकस

आणि कायदा? आपल्याकडे मातृत्व लाभाचा कायदा १९६१ पासून आहे, २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा. कागदावर जर्मनीपेक्षा जास्त. तिथे आधी सहा आणि नंतर आठ, एकूण चौदा. पण तो दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेतल्या नोकरदार बाईला. नाईटवर जाणाऱ्या बाईची आस्थापना कुठली? टेम्पो?

दहाचा नियम मात्र आपल्याकडेही आहे बरं का. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. तो गरोदर बाईसाठी नाही, शेजाऱ्यांसाठी. आणि गणपतीत नेमके काही दिवस बारापर्यंत सूट.

कीबोर्डताई_कोल्हापूर

टेम्पोच. ड्रायव्हर धरून आम्ही नऊजण, म्हणजे तिथेही एकानं हुकलं.

डॉक्टर, धन्यवाद. मालकांशी बोलते. हळदीचे आणि वाढदिवसाचे हॉलमधले कार्यक्रम आवाजाला जरा कमी असतात, ते मागून घेते. गणपतीच्या नाईटींना माझी बहीण उभी राहील. जागा घरातच राहील.

माईआजी

शाब्बास. बहीण उभी करायची युक्ती लाखमोलाची.

चेलोवाली

अवांतर: लीसे डेव्हिडसेन ही नॉर्वेची ऑपेरा गायिका २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात बेथोव्हनचा 'फिदेलिओ' गायली, पोटात जुळी. त्यात नायिका नवऱ्याला तुरुंगातून सोडवायला पुरुषाच्या वेषात वावरते. त्या वेषात ती पुरुष म्हणून उभी आणि आत दोन बाळं. अर्थात तिच्याकडे नाही म्हणायची मुभाही होती, हे कीबोर्डताईंचं वाचल्यावर जास्त जाणवलं.

खर्जातली

धागा वर काढतेय, कारण काहीजणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं. आता सत्ताविसावा आठवडा.

थिएटरनं आवाज मोजला. तालमीत माझ्या खांद्यावर, कानाजवळ, नखाएवढा मायक्रोफोन चिकटवून कमरेला डबी लावली. जुन्या जागेवर अडीच तासांची सरासरी ८६ डेसिबल आली. इथले तपासनीस गरोदर बाईसाठी आठ तासांच्या सरासरीनं ८० ची रेघ धरतात. अडीच तासांचे ८६ म्हणजे आठ तासांवर पसरले की साधारण ८१. एवढ्याशानं हुकलं. मग मला शेवटच्या स्टँडवरून पुढे, ट्रॉम्बोनपासून लांब आणि दाराकडच्या टोकाला आणलं. तिथे ८३ आली, म्हणजे आठ तासांचे ७८. तीन डेसिबल कमी म्हणजे आवाजाची शक्ती निम्मी, हे शाळेत शिकले होते, उपयोग पहिल्यांदा झाला. अर्थात त्या दिवशी घरी वेगळा रियाज करायचा नाही, नाहीतर हिशोब परत वर जातो.

ज्या सहकाऱ्याची ती पुढची जागा, तो आता मागे ट्रॉम्बोनसमोर बसतोय. त्यानं तक्रार केली नाही. त्याच्यासाठी मागे आवाज अडवणारा पारदर्शक पडदा लावून घेतला, जो खरं तर आधीपासूनच असायला हवा होता. पोट आलं म्हणून कुणीतरी मोजलं; एरवी तिथे आम्ही वर्षानुवर्षं बसतोच आहोत. लंडनमध्ये रॉयल ऑपेरा हाउसच्या एका व्हायोलावादकानं कानांच्या इजेचा खटला जिंकला तो २०१८ मध्ये, आणि तीही वाग्नरचीच तालीम, मागे पितळी फुंकवाद्यं.

वेळेचं असं ठरलं: रात्रीचे प्रयोग सोडले. साडेसातला सुरू झालेला ऱ्हाइनगोल्ड दहाच्या ठोक्याला संपेलच याची हमी कंडक्टर देईना, आणि मध्येच उठून जाता येत नाही. रविवारी संध्याकाळी पाचचे दोन प्रयोग आहेत, ते वाजवणार. शिवाय सकाळी अकराचे लहान मुलांचे कार्यक्रम सगळे. बत्तीसनंतर डॉक्टरांशी परत बोलायचं.

बाळंतपणाआधीचे सहा आठवडे हवं तर वाजवता येतं, फक्त माझी लेखी इच्छा लागते, आणि ती कधीही मागे घेता येते. नंतरचे आठ आठवडे मात्र माझी इच्छा असली तरी बंदी.

सासूबाईंना ७८ आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, "आपला मिक्सर किती असतो?" मोजला. त्यांनी तो आकडा बघून आता व्हिडिओ कॉलवर चटणी वाटणं बंद केलंय.

निवांत_काका

पाचचा प्रयोग, दाराजवळची खुर्ची. हे मला पटलं. आधीचं मागे घेत नाही, पण हे पटलं.

कीबोर्डताई_कोल्हापूर

तो खांद्यावरचा माइक आणि डबी केवढ्याला येते? मोबाईलवरचं आवाज मोजायचं ॲप चालेल का? मालक म्हणतात आधी आकडा दाखव.

ओबोचानवरा

ताई, ॲप साधारण अंदाजाला चालतं, पण फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी केलेला, बेस कमी दाखवतो. म्हणजे ॲपवर शंभर आले तर प्रत्यक्षात जास्तच समजा. आणि मोजताना सेटिंगमध्ये 'ए'ऐवजी 'सी' निवडा, 'ए'मध्ये खर्ज जवळजवळ गाळूनच टाकतात. फोन स्टँडवर नाही, पोटाच्या उंचीला धरा. 'ए' आणि 'सी' दोन्ही आकड्यांचे फोटो काढून ठेवा, मालकांना मोठा दाखवा.